आठ पानांत बाबा

कानाची मशीनं विकणाऱ्या त्या दुकानात बसणाऱ्या बाईला सगळी गल्ली कानवाली म्हणायची. तिची त्याला हरकत नव्हती. शेजारी दातवाला होता, पलीकडे चष्मेवाला. तिघं मिळून एक डोकं पुरं होतं, असं दातवाला प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

कानवालीचं वय त्रेचाळीस. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, त्याला काय ऐकू येतं आणि काय नाही याचा आलेख काढायचा, कानाचा साचा घ्यायचा, मशीन बसवायचं आणि पुढचा महिनाभर "शिट्टी मारतंय" ही तक्रार शांतपणे ऐकून घ्यायची, हे तिचं काम. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती जुन्या तपासणीच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायची. तिला शॉर्ट फिल्म लिहायची होती. हे फक्त तिच्या नवऱ्याला माहीत होतं आणि तोही विसरला होता.

एका मंगळवारी दुपारी कात्रीबाई दुकानात आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पाठ ताठ, केस आखूड, आणि ऐकू कमी येणाऱ्यांचा असतो तसा खणखणीत आवाज. चाळीस वर्षं त्यांनी फिल्मचं एडिटिंग केलं होतं. दुसऱ्यांनी जीव ओतून काढलेले प्रसंग त्या डोळ्याची पापणी न हलवता कापायच्या, म्हणून बरोबरच्यांनी हे नाव ठेवलं, आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं.

साच्यासाठी कानवालीने त्यांच्या कानात लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं जबडा हलवायचा नसतो, म्हणजेच बोलायचं नसतं. बोलता येत नाही म्हटल्यावर कात्रीबाईंनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा माहितीपत्रक समजून पुढे ओढला आणि भराभर पानं उलटत वाचायला सुरुवात केली. कानवालीच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

कात्रीबाईंनी पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'हे कोणी लिहिलं?'

"कोणी नाही," कानवाली मोठ्याने म्हणाली.

'तरीच यात कोणी जिवंत नाही.'

कानवालीने तोंड उघडलं, पण पेन अजून चालू होतं. 'तीन जण मरतात म्हणून नव्हे. उरलेल्यांबद्दल म्हणतेय.'

लगदा निघाला तसं कात्रीबाईंचं तोंड सुटलं. "शॉर्ट फिल्म ना ही? अडतीस पानं? एक पान म्हणजे पडद्यावर जवळपास एक मिनिट. अगं, इतका वेळ बसवलंस तर माणूस कंटाळूनच मरायचा, तुला मारायची गरजच नाही."

कानवालीचे कान लाल झाले. पण तिने आवाज चढवून विचारलं, "मग किती लिहायची?"

तो प्रश्न कात्रीबाईंना आवडला असावा. तिने गठ्ठा लपवला नव्हता, रडलीही नव्हती. "मी आयुष्यभर सरकारी फिल्म कापल्या," त्या म्हणाल्या. "हात कसे धुवावेत, पाणी कसं उकळावं, जखम कशी बांधावी. चार मिनिटं मिळायची. चार मिनिटांत बघणारा माणूस हात धुवायला उठला पाहिजे. रविवारी दहाला घरी ये. आठ पानं आण. नववं आणलंस तर दारातच उभी करीन."

पहिल्या रविवारी ती एकवीस पानं घेऊन गेली.

"या, एकवीस पानं!" कात्रीबाईंनी दार उघडतानाच म्हटलं. कसं कळलं कोण जाणे. बहुतेक पिशवीच्या फुगवट्यावरून.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत एडिटिंगचं जुनं यंत्र होतं, त्यावर चादर आणि चादरीवर कुंड्या. खिडकीपाशी टेबल. कात्रीबाईंनी नवं मशीन कानात नीट बसवलं, चष्मा लावला आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "'ती आतून कोसळते.' बरं. कॅमेरा आत कुठून घालू? नाकातून?"

"अहो बाई, म्हणजे तिला दुःख होतं."

"ते तुला माहीत. मला काय दिसतं?"

"ती... रडते."

"माझी दाढ दुखली तरी मी रडते. पुढे. 'त्याच्या मनात बालपणीच्या आठवणींचं काहूर माजतं.' काहूराला किती खुर्च्या लागतील? जागा लहान आहे."

तासाभरात एकवीस पानांची सहा झाली. जे उरलं त्यात एक बाई बसमधून उतरत होती आणि एक माणूस कुलूप लावत होता. ते दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. कानवाली रिकामी पिशवी घेऊन परतली. जिन्यात तिला रडूही येत होतं आणि हसूही. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "मी आज तीन जणांचा जीव वाचवला."

"छान," नवरा म्हणाला. तो शाळेच्या उत्तरपत्रिका तपासत होता.

दुसऱ्या रविवारी कात्रीबाईंनी मशीन कानातून काढून टेबलावर ठेवलं. "आता मला काही ऐकू येत नाही. तुझा प्रसंग करून दाखव. दोन्ही पात्रं तूच."

कानवाली उठली. नवरा-बायकोचं भांडण होतं, चार पानांचं. ती एकदा या खुर्चीत बसली, एकदा त्या खुर्चीत. ओठ हलवले. हात जोडले.

"दोघं बसलीत," कात्रीबाई बघत म्हणाल्या. "अजून बसलीत. आता एकाला तहान लागली वाटतं."

"तो घटस्फोट मागतोय!" कानवाली ओरडली.

"पाणी मागतोय असं वाटलं. हात जोडून काहीतरी मागतोय, एवढंच दिसलं." त्यांनी मशीन परत लावलं. "अगं, सगळं तोंडाने सांगून झाल्यावर माझ्या डोळ्यांना काय ठेवलंस? लोक बोलू देत की. पण बोलताना काहीतरी करू दे त्यांना. आणि एक सांग. दिवसभर तुझ्यापुढे बहिरी माणसं बसतात. त्यातलं एकही इथे का येत नाही? हे घटस्फोटवाले कुठले आणलेस?"

कानवाली हसली. "बहिरं माणूस तर घरातच आहे. माझे बाबा. साऱ्या गल्लीला मी कान लावले, बापाला लावता आले नाहीत."

आणि मग तिने सांगितलं. आई गेल्यावर बाबा तिच्याकडे राहायला आले. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांना उत्तम मशीन बसवून दिलं. त्यांनी ते आठवडाभर वापरलं आणि आठव्या दिवशी काढून खणात टाकलं. शिट्टी मारतं म्हणाले. तेव्हापासून सगळा अंदाजपंचे कारभार. बाबा, जेवलात का, असं विचारलं की ते घड्याळ बघून पावणेसहा म्हणतात. पंख्याचा आवाज येतोय का विचारलं, तर कोण येतोय म्हणून उठून दार उघडायला जातात. एकदा दारात खरंच पोस्टमन उभा होता, तेव्हापासून तर त्यांचा आत्मविश्वास फारच वाढला आहे.

कात्रीबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हे लिही. हेच. आठ पानं."

कानवालीने चार दिवसांत लिहिली, आणि बरोबर आठ भरली. हट्टी म्हातारा. समंजस मुलगी. तो चुकीची उत्तरं देतो, ती हसून पुन्हा सांगते. एके दिवशी मुलगी बाहेर अडकते, बेल वाजवते, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ती तीन तास जिन्यात बसते. म्हातारा दार उघडतो, तिला बघतो, खणातून मशीन काढून कानात घालतो. समाप्त.

कात्रीबाई दोन ठिकाणी मनापासून हसल्या. कानवालीने ते मनात मोजून ठेवलं.

"बरी झाली," त्या म्हणाल्या. "पण ही मुलगी कोण?"

"मीच की."

"तू एवढी चांगली आहेस?"

कानवाली पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"आठ पानांत एकदाही चिडत नाही. तीन तास जिन्यात बसते आणि हसते! मला तर ती दुसऱ्याच पानावर असह्य झाली. देवीचा फोटो तरी बरा, तो बोलत नाही." त्यांनी पान उलटलं. "आणि म्हाताऱ्याने मशीन काढलं का?"

"शिट्टी मारत होतं म्हणून."

"तू बसवलेलं मशीन शिट्टी मारत होतं?"

आता कानवालीला तिच्या पटकथेबद्दल काहीही बोललेलं चाललं असतं, पण हातच्या कामाबद्दल नाही. "मुळीच नाही! मी स्वतः तीनदा तपासलं होतं. साचा अगदी घट्ट..." ती बोलता बोलता थांबली.

"मग?" कात्रीबाईंनी विचारलं.

कानवाली उलट त्यांच्याकडेच उत्तरासाठी बघू लागली.

"मला विचारू नकोस. घरी जाऊन त्यांना विचार."

आता हे विचारायचं कसं? बाबांशी काहीही बोलायचं म्हणजे ओरडावं लागे. बाबा, पाणी हवंय का, हे ओरडून विचारता येतं. बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं का बोललात, हे ओरडून कसं विचारणार? मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी दुकानात जाताना ती आठ पानं जेवणाच्या टेबलावर विसरून गेली. म्हणजे, विसरली असं तिने स्वतःला सांगितलं.

बाबा चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापलेला कागद समोर आला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जाई. औषधाच्या खोक्यावरच्या सूचनासुद्धा त्यांनी दुरुस्त करून ठेवल्या होत्या.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा पानं टेबलावर चौकोनी रचून ठेवलेली होती आणि प्रत्येक पानावर लाल खुणा होत्या. वेलांट्या पहिल्याच्या दुसऱ्या, दुसऱ्याच्या पहिल्या. तिसऱ्या पानावर समासात: 'म्हातारा चमचा असा धरत नाही.' चौथ्यावर: 'पोस्टमनचा प्रसंग खरा आहे. ठेवावा.' कानवालीला हसू आलं.

पाचव्या पानावर तिने लिहिलं होतं, 'म्हातारा कंटाळून मशीन खणात टाकतो.' त्यातल्या 'कंटाळून' वर काट मारली होती. बाजूला लिहिलं होतं, 'येथे मजकूर गळला आहे.' आणि खाली, मोत्यासारख्या बारीक अक्षरात:

'आठवा दिवस. संध्याकाळ. म्हातारा बाहेरच्या खोलीत पेपर वाचतो आहे. मशीन उत्तम चालू आहे. स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज येतो: एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायची. त्यापेक्षा लहान मूल बरं, ते निदान मोठं तरी होतं. जावई हसतो. म्हातारा मशीन काढतो. पेपर वाचत राहतो.'

कानवालीने ते उभ्यानेच वाचलं. दिवस तिला आठवेना. पण वाक्य तिचंच होतं, त्यात शंका नव्हती. असं ती तेव्हा बरेचदा बोलायची. दमून घरी आल्यावर, भांडी आपटत, हलक्या आवाजात. एवढ्या हलक्या आवाजातलंसुद्धा स्पष्ट ऐकू येईल असं मशीन तिनेच निवडून आणलं होतं.

बाबा खिडकीपाशी पाठमोरे बसले होते. कागदांची सळसळ त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण ते म्हणाले, "सहाव्या पानावर 'की' ऱ्हस्व काढला आहेस. दीर्घ असतो. तिसरीत होतीस तेव्हापासून सांगतोय."

रविवारी कात्रीबाईंनी ते पान वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"कोणी लिहिलं हे?"

"बाबांनी."

"शिकले कुठे?"

"कुठे नाही. लोकांच्या चुका काढत आले."

"मीही तेच केलं जन्मभर. पण बघ, बघ. 'पेपर वाचत राहतो.' कोसळत नाही, काहूर नाही, काही नाही. महिनाभर मी तुझ्यापुढे घसा फोडतेय, आणि हे गृहस्थ एका परिच्छेदात मोकळे! पुढच्या रविवारी त्यांना पाठव, तू घरी बस." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आता फिल्म झाली, बाळ. आधी नुसता एक वेडा म्हातारा होता आणि एक शहाणी मुलगी."

कानवालीने पिशवीतून आणखी दीड पान काढलं. रात्रंदिवस एक करून तिने नवा शेवट लिहिला होता. मुलगी बापाची माफी मागते. कात्रीबाईंनी दीड पान वाचून त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली.

"अहो, पण तिचं चुकलंय!"

"बघणाऱ्याला कळलंय ते. पुन्हा कशाला सांगतेस?"

"मग तिने काहीच बोलायचं नाही?"

"पडद्यावर नाही. पण तू घरी बोललीस का?"

कानवाली कुंड्यांकडे बघत राहिली.

"वाटलंच. दीड पान लिहायला जमलं, एक वाक्य बोलायला नाही. पटकथेत कापते मी, म्हणून घरचंही कापून टाकशील? ऊठ. आजचा तास संपला."

घरी बाबा शब्दकोडं सोडवत होते. नवरा न्हाणीघरात दाढी करत होता. कानवाली बाबांसमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं."

"नको, आत्ताच खाल्लं."

"चुकलं म्हणतेय. माझं!"

"माझं काय?"

"मी बोलले ते, बाबा!"

"कोण आले?" बाबा दाराकडे बघू लागले.

कानवालीने श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडली, "मी तुमच्याबद्दल वाईट बोलले! स्वयंपाकघरात! माझं चुकलं!"

वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. "काय झालं हो?" वरच्या काकूंनी विचारलं. नवरा अर्ध्या तोंडाला साबण घेऊन बाहेर आला.

"हळू," बाबा म्हणाले. "इमारतीला कळलं."

कानवालीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुम्हाला पहिल्यांदाच कळलं होतं ना?"

ते त्यांना ऐकू आलं नाही. किंवा आलं असेल. त्यांनी शब्दकोड्यातला एक चौकोन भरला. मग पेन टोपणात घालत म्हणाले, "एक गोष्ट माझ्याकडूनही राहिली. त्या दिवशी तू फार दमून आली होतीस. पाय ओढत होतीस. ते मी लिहिलं नाही. रागात लिहिलं की मजकूर गळतोच. तेवढं घाल त्यात. मुलगी दमलेली आहे."

कानवालीने मान डोलावली. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिच्या ब्लाउजला साबण लागला.

पुढच्या गुरुवारी बाबा एकटे दुकानात आले. घरच्यासारखे आत न शिरता बाहेरच्या बाकावर दातवाल्याच्या एका पेशंटशेजारी बसले आणि आपला नंबर येईपर्यंत थांबले. कानवालीनेही मग त्यांना गिऱ्हाइकासारखंच आत बोलावलं, काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावले. "आवाज आला की बटण दाबायचं," तिने कागदावर लिहून दाखवलं. बाबा भराभर बटण दाबू लागले. तिने अजून आवाज सोडलाच नव्हता.

"बाबा, यात पैकीच्या पैकी मिळवायचे नसतात!" काचेतून ती खाणाखुणा करत म्हणाली.

फिल्म कात्रीबाईंच्या भाचीने करायची ठरवली. तिचा फोटो स्टुडिओ होता आणि दोन-तीन शॉर्ट फिल्म तिने आधी केल्या होत्या. जागा म्हणून कानवालीचंच घर घेतलं. बापाच्या कामाला एक निवृत्त बँक मॅनेजर मिळाले, मुलीच्या कामाला नाटकात काम करणारी एक तरुण बाई. शूटिंगच्या दिवशी खऱ्या बाबांना आतल्या खोलीत बसवलं होतं. मशीन त्यांच्या कानात होतं.

स्वयंपाकघरातला प्रसंग आला. नटीने वाक्य म्हटलं, आणि असं म्हटलं की भांडीसुद्धा बिचकली. विषच होतं ते.

"नाही, असं नाही," कानवाली मधेच बोलली आणि सगळे तिच्याकडे वळले. "दुष्ट नाहीये ती. दमलीये."

"म्हणजे कसं म्हणू?" नटीने विचारलं.

"तूच म्हणून दाखव," कोपऱ्यातल्या खुर्चीतून कात्रीबाई म्हणाल्या.

कानवालीने आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ते उघडं होतं. ती ओट्याकडे वळली, नळ सोडला, एक पातेलं हातात घेतलं, आणि दोन वर्षांपूर्वीचं वाक्य पुन्हा म्हटलं. हलक्या आवाजात, कोणालाच उद्देशून नाही, शेवटचे शब्द अर्धे गिळून. नटी खाली मान घालून ओठांतल्या ओठांत ते घोकू लागली.

आतून बाबांचा आवाज आला. "बरोबर. फक्त 'तीन-तीनदा' नंतर त्या दिवशी एक उसासा होता."

पहिल्यांदा भाची हसली, मग नटी, मग सगळेच. कानवालीने नळ बंद केला आणि ओल्या हातांनी डोळे पुसले. नटीने उसाशासकट वाक्य म्हटलं आणि तिसऱ्या खेपेला ते पसंत पडलं.

फिल्म नऊ मिनिटांची झाली. एका वाचनालयाच्या सभागृहात चाळीस खुर्च्या मांडून ती दाखवली, त्यातल्या एकतीस भरल्या. पोस्टमनच्या जागी लोक हसले. म्हातारा पेपर वाचत राहतो तिथे कोणी खोकलंसुद्धा नाही. दातवाला नंतर तिला म्हणाला की तुझ्या फिल्ममध्ये एकाचेही दात दिसले नाहीत, पण त्याचे डोळे लाल होते.

कात्रीबाईंचं म्हणणं, नऊतलं एक मिनिट अजून निघतं. ते कुठलं, यावर त्यांचा आणि बाबांचा दर रविवारी वाद होतो. कानवाली दोघांच्या मधे बसून दुसरी पटकथा लिहिते, आणि अधूनमधून दोघांना सांगते की जरा हळू बोला, तुम्हा दोघांनाही आता ऐकू येतं.